गुडघ्याचे दुखणे आणि दुखण्याची गोळी : एक अभ्यास

वय झाले की गुडघे दुखायचेच, अशी आपल्या समाजाची ठाम समजूत आहे. ती इतकी रुळलेली आहे की या दुखण्याला कोणी आजार म्हणतच नाही. ताप आला तर माणूस दवाखान्यात जातो. गुडघा दुखला तर मेडिकलमध्ये जातो आणि ‘दुखण्याची गोळी’ मागतो. त्या गोळीला नाव नसते. पांढरी, पिवळी, लांबट, लाल पाकिटातली अशा खुणांवरून ती ओळखली जाते. घाटंजी तालुक्यातील कोणत्याही गावी, कोणत्याही घरी कोनाड्यात डोकावून पाहिले तर देवाच्या तसबिरीशेजारी अशा अर्धवट कापलेल्या गोळ्यांची चार-दोन पाकिटे हमखास सापडतात.

मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे, वैद्यकाची नव्हे. तरीही हा विषय मी निवडला, याला कारण आहे. माझी आजी, आई, शेजारच्या काकू आणि वेचणीला जाणाऱ्या बहुतेक बाया ही गोळी घेतात, आणि ती का घेतात याचे उत्तर केवळ वैद्यकाच्या पुस्तकात मिळत नाही. ते मजुरीत आहे, बाजारात आहे, आणि पाकिटावरील इंग्रजी अक्षरे न वाचता येण्यातही आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू कोणाला गोळी सोडायला लावणे हा नाही. वेदना खरी आहे आणि तिच्यावर औषधही हवेच. परंतु जी वस्तू आपण वर्षानुवर्षे पोटात घालतो, तिचे नाव, प्रमाण आणि गुणदोष आपल्याला ठाऊक असले पाहिजेत, एवढेच मला सांगावयाचे आहे.

विकाराचे स्वरूप

‘वात’ किंवा ‘संधिवात’ या एकाच शब्दाखाली आपण अनेक विकार कोंबतो. त्यांतील दोन वेगळे ओळखणे अत्यंत आवश्यक आहे. पहिला आमवात. यात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. हाताच्या बोटांचे लहान सांधे सुजतात, सकाळी उठल्यावर तासभर किंवा त्याहूनही अधिक वेळ ते आखडलेले राहतात आणि तरुण माणसालाही हा विकार होतो. दुसरा अस्थिसंधिवात. हा बहुधा पन्नाशीच्या आसपास सुरू होतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो आणि गुडघा हे त्याचे आवडते स्थान होय. यात चालल्यावर, पायऱ्या चढल्यावर दुखते, विसावा घेतला की बरे वाटते. सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. आमवाताची वाढ रोखणारी औषधे आज उपलब्ध आहेत. ती वेळेवर मिळाली तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. अशा रुग्णाने केवळ दुखण्याची गोळी घेऊन दोन-तीन वर्षे काढली तर ती अमूल्य वेळ हातची जाते. अस्थिसंधिवातात मात्र रोग मुळापासून थांबवील असे औषध अद्याप सिद्ध झालेले नाही. तेथे गोळी घ्यावयाची ती केवळ वेदना कमी करण्यासाठी.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते आणि सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. कूर्चा विरत गेली की हाडावरचा भार वाढतो, कडेला हाडाचे काटे वाढतात आणि सांध्याच्या आतील आवरणाला सौम्य दाह होतो. पूर्वी याला निव्वळ ‘झीज’ मानीत. आता हा संपूर्ण सांध्याचा, म्हणजे हाड, कूर्चा, आवरण आणि भोवतालचे स्नायू या सर्वांचा विकार मानला जातो. केलग्रेन आणि लॉरेन्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५७ साली क्ष-किरण चित्रावरून याच्या पायऱ्या ठरविल्या. त्या आजही वापरात आहेत. मात्र चित्रातील झीज आणि माणसाची वेदना यांचा मेळ नेहमी बसत नाही. चित्रात बरीच झीज दिसूनही एखादा आरामात चालतो, तर थोडी झीज असलेला रात्रभर कण्हतो. मांडीच्या स्नायूंची ताकद, वजन, झोप आणि मनाची स्थिती यांचाही वेदनेत वाटा असतो.

भिगवणचा दाखला

खेड्यात सांध्यांचे दुखणे किती, याचा पद्धतशीर शोध महाराष्ट्रातच झालेला आहे, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांचा ‘कॉपकॉर्ड’ नावाचा संयुक्त उपक्रम आहे. त्यानुसार पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघर जाऊन पाहणी केली. भिगवण हे इंदापूर तालुक्यातील, पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव. तेथे सुमारे चार हजार प्रौढ माणसांना विचारणा झाली. त्यांपैकी सुमारे १८ टक्के लोकांनी हाडे, सांधे किंवा स्नायू दुखत असल्याचे सांगितले. अस्थिसंधिवाताचे प्रमाण शंभरात सहाच्या आसपास, तर आमवाताचे दोनशेत एकाच्या आसपास निघाले.

या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. आपल्या वर्गात साठ मुले धरली तर तेवढ्याच प्रौढांच्या गटात दहा-अकरा जणांचे काही ना काही दुखत असते. ही रुग्णालयात आलेल्यांची मोजणी नव्हती. ती घरी कामात असलेल्या माणसांची होती. दुखणे अंगावर काढणाऱ्यांची संख्या दवाखान्याच्या नोंदवहीत कधीच दिसत नाही, हे या पाहणीने दाखवून दिले.

जगाचा विचार केला तर २०२० साली सुमारे ५९ कोटी ५० लाख लोकांना अस्थिसंधिवात होता, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २०५० पर्यंत ही संख्या शंभर कोटींच्या जवळ जाईल, असेही त्यात म्हटले आहे. आयुर्मान आणि वजन दोन्ही वाढत आहेत, त्याचा हा परिणाम.

आपल्याकडील गुडघा

घाटंजीचा परिसर कापसाचा. सोयाबीन आणि तूर आहेच, परंतु बाईमाणसाच्या कष्टाचा हिशेब मांडायचा तर तो कापसाच्याच मोजमापाने मांडावा लागतो. निंदणाला उकिडवे बसून तासापाठी तास पुढे सरकावे लागते. वेचणीला दिवसभर कमरेत वाकावे लागते आणि संध्याकाळी ओझे डोक्यावर घेऊन वावरातून निघावे लागते. घरी आल्यावर चुलीपुढे, भांड्यांपुढे, धुण्यापुढे पुन्हा उकिडवेच बसणे. उन्हाळ्यात जंगलालगतच्या गावांत तेंदूपत्त्याची तोडणी असते. तेथेही वाकणे आणि उन्हात चालणे आलेच.

उकिडवे बसण्याचा गुडघ्याशी संबंध आहे का? चीनमधील बीजिंग आणि अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील वृद्धांची तुलना करणारा अभ्यास या बाबतीत उद्बोधक आहे. बीजिंगच्या वृद्ध स्त्रियांत गुडघ्याचा अस्थिसंधिवात फ्रेमिंगहॅमच्या स्त्रियांपेक्षा अधिक आढळला. पुढे २००४ साली त्याच संशोधकांनी दाखविले की, तरुणपणी दिवसातील अनेक तास उकिडवे बसणाऱ्यांत हा विकार अधिक होता. चीनची स्त्री आणि आपल्याकडील स्त्री यांच्या बसण्यात फारसे अंतर नाही.

आता मजुरीकडे पाहू. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. जितका कापूस, तितका पैसा. ज्या दिवशी गुडघा सुजतो त्या दिवशी वेचणी निम्म्यावर येते. माझ्या आजीला मी एकदा विचारले, की रोज गोळी का घेतेस? ती म्हणाली, “घरी बसली त मजुरी कोन देते, पोरी? गोयी घेतली का दिवस निभते.” या एका वाक्यात सगळे अर्थशास्त्र आहे. गोळी ही तिच्या दृष्टीने औषध नसून कामाचे अवजार आहे. विळा, दोरी, तशी गोळी. ‘विश्रांती घ्या’ हा सल्ला तिच्यापर्यंत पोहोचतच नाही, कारण त्या सल्ल्यात त्या दिवसाच्या मजुरीची तरतूद नसते.

गोळी नेमके काय करते?

शरीरात जेथे इजा किंवा दाह होतो तेथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ती सूज आणतात व वेदनेची जाणीव तीव्र करतात. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात होते, पण ते काम कसे करते हे तब्बल सत्तर वर्षांनंतर उमगले. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले की ॲस्पिरिन व त्याच्यासारखी औषधे ही द्रव्ये तयार होण्याची क्रियाच रोखतात. या कार्याबद्दल १९८२ साली त्यांना आणखी दोघा शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

येथेच खरी मेख आहे. हीच द्रव्ये जठराच्या अस्तराला आम्लापासून जपतात आणि शरीरात पाणी कमी पडले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. गोळीला गुडघा कोणता आणि पोट कोणते हे कळत नाही. ती रक्तात मिसळते आणि सगळीकडे सारखेच काम करते. म्हणून गुडघ्याचा फायदा आणि पोटाचा तोटा एकाच क्रियेतून उद्भवतात. ‘सुई घेतली तर पोटाला त्रास नाही’ ही समजूत चुकीची आहे, ती याचमुळे. सुईतून गेलेले औषधही रक्तातच जाते आणि जठराचे संरक्षण तितकेच कमी करते. जेवून गोळी घेतल्याने जळजळ कमी होईल, परंतु धोका संपत नाही.

गोळ्यांची चार कुळे

बाजारात नावे शेकडो असली तरी गुडघेदुखीसाठी घेतल्या जाणाऱ्या औषधांची मुख्य कुळे चारच आहेत.

पहिले कूळ पॅरासिटामॉलचे. हे ताप व साध्या दुखण्यावरचे औषध. योग्य प्रमाणात ते पोटाला व मूत्रपिंडाला तुलनेने सौम्य असते, परंतु अस्थिसंधिवातात त्याचा गुण बेताचाच, असे अलीकडील अभ्यासांतून दिसून आले आहे. निरोगी प्रौढाला चोवीस तासांत जास्तीत जास्त चार ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही मर्यादा मानतात. ६५० च्या गोळ्या असतील तर सहातच ती मर्यादा जवळजवळ गाठली जाते. कमी वजनाच्या, अशक्त किंवा दारू पिणाऱ्या माणसाची मर्यादा याहून कमी असते. मर्यादा ओलांडली तर यकृत निकामी होऊ शकते.

दुसरे कूळ दाहशामकांचे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, पायरॉक्सिकॅम ही सगळी एकाच घरची भावंडे. आयबुप्रोफेनचा शोध ब्रिटनमध्ये स्ट्युअर्ट ॲडम्स यांनी लावला आणि १९६९ साली ते तेथे रुग्णांना मिळू लागले. डायक्लोफेनॅक १९७० च्या दशकातले. गुडघेदुखीवर गुण येतो तो मुख्यतः याच कुळाने, आणि जठरातील रक्तस्राव, मूत्रपिंडाची हानी, रक्तदाब वाढणे व हृदयाचा धोका हे उपद्रवही याच कुळाचे. साठ-पासष्ट वयानंतर ते अधिक संभवतात.

तिसरे कूळ स्टेरॉइडचे. १९४९ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णांवर कॉर्टिसोनचा विस्मयकारक परिणाम जाहीर केला आणि पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळाले. योग्य रोगात, डॉक्टरच्या देखरेखीखाली हे औषध जीव वाचविते. परंतु अस्थिसंधिवातात रोज पोटात घेण्याचे हे औषध नव्हे. दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा गोल सुजतो, आणि सवय झाल्यावर ते एकाएकी बंद करणेही धोक्याचे ठरते. जत्रेत, बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या ‘वाताच्या पुडी’ने एका दिवसात चमत्कार वाटावा इतका आराम पडला तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्यावी. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे ठिकठिकाणच्या तपासण्यांत आढळले आहे. गुडघ्यात देण्याच्या स्टेरॉइडच्या सुईनेही काही आठवडे आराम पडतो. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, दोन वर्षे दर बारा आठवड्यांनी ती घेणाऱ्यांची कूर्चा मिठाच्या पाण्याची सुई घेणाऱ्यांपेक्षा अधिक विरली आणि वेदनेत मात्र विशेष फरक पडला नाही.

चौथे कूळ अफूच्या जातीच्या औषधांचे. यांतील ट्रॅमाडॉल आपल्याकडे अधिक आढळते. त्याने बद्धकोष्ठ होते, चक्कर येते, म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो आणि सवयही लागते. भारत सरकारने २०१८ साली त्याचा समावेश अमली पदार्थविषयक कायद्याखाली केला, तो याच कारणाने.

आपल्या घेण्याच्या रीती

आता आपल्या घराघरांत चालणाऱ्या काही रीती पाहू. यांतील बहुतेक मी स्वतः पाहिल्या आहेत.

पहिली रीत म्हणजे एकच औषध दोन नावांनी घेणे. कॉम्बिफ्लामच्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. एखादी बाई सकाळी ही गोळी घेते, दुपारी डोके दुखले म्हणून क्रोसिन घेते, रात्री डॉक्टरने दिलेली डायक्लोफेनॅकची गोळी घेते. तिच्या मते तिने तीन दुखण्यांवर तीन औषधे घेतली. प्रत्यक्षात पॅरासिटामॉल दोनदा आणि दाहशामकेही दोनदा गेली. दोन दाहशामके एकत्र घेतल्याने गुण दुप्पट होत नाही. धोका मात्र वाढतो. जोडगोळ्यांची ही गर्दी सरकारलाही खटकली आहे. २०१६ साली ३४४ जोडऔषधांवर आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ जोडऔषधांवर बंदी घालण्यात आली. ॲसिक्लोफेनॅक ५० व पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम ही गोळी २०२४ च्या यादीत होती.

दुसरी रीत म्हणजे जुनी चिठ्ठी. डॉक्टरने पाच दिवसांसाठी लिहून दिलेल्या गोळ्या पाच वर्षे चालतात. चिठ्ठी फाटली की रिकामे पाकीट दाखवून नवे आणले जाते. डायक्लोफेनॅकसारखी औषधे ‘अनुसूची एच’मध्ये येतात, चिठ्ठीशिवाय ती विकू नयेत, असे पाकिटावर छापलेले असते. परंतु ते इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत.

तिसरी रीत म्हणजे दुसऱ्याची गोळी. सासूला बरे वाटले म्हणून सून घेते, सुनेची शेजारीण घेते. आंबाडीची भाजी वाटावी तशी गोळी वाटली जाते. शेजारणीला पूर्वी जठरव्रण होता किंवा तिला दमा आहे, याची विचारपूस कोणी करीत नाही. दाहशामकांनी काही दमेकऱ्यांचा दमा उसळतो.

चौथी रीत सर्वांत घातक, आणि ती बहुधा नकळत घडते. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्या यांच्या जोडीला दाहशामक आले, त्यात उन्हाने अंगातील पाणी कमी झाले, तर मूत्रपिंड एकाएकी काम थांबवू शकते. आमच्या नात्यातील एका बाईंच्या बाबतीत हेच घडले. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या कामावर जाताना त्या बीपीची गोळी घेत आणि गुडघ्यासाठी रोज दोन गोळ्या घेत. चौथ्या-पाचव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, पायांवर सूज आली, लघवी कमी झाली. तपासणीत मूत्रपिंडाचा दोष निघाला. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या तत्काळ बंद केल्या व सलाइन दिले; आठवड्याभरात त्या सावरल्या. दैव बलवत्तर म्हणून सावरल्या असे घरचे म्हणाले; वेळेवर गोळी बंद झाली म्हणून सावरल्या, असे मी म्हणते. विदर्भाच्या उन्हात ही गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पाचवी रीत म्हणजे ‘गॅसची गोळी’ सोबत घेतली की सर्व ठीक, हा भ्रम. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारखी औषधे जठराचे बऱ्याच अंशी रक्षण करतात हे खरे. पण मूत्रपिंड व हृदय यांचे रक्षण ती करीत नाहीत.

इतिहासातील दोन इशारे

नवे औषध म्हणजे निर्धोक औषध, असे समजणाऱ्यांनी रोफेकॉक्सिबची हकीकत वाचावी. पोटाला कमी त्रास देणारे दाहशामक म्हणून ते १९९९ साली मोठ्या गाजावाजाने बाजारात आले. जगभर लक्षावधी लोकांनी ते घेतले. परंतु दीर्घकाळ घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले आणि ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. त्याच वर्षी भारतातही त्यावर बंदी आली.

दुसरा इशारा आकाशातून मिळाला. आपल्या वाडवडिलांच्या काळी गावाबाहेर मेलेल्या ढोरावर गिधाडांची झुंबड उडे. आज कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या पिढीने ते दृश्य क्वचितच पाहिले असेल. १९९० च्या दशकात भारतीय उपखंडातील गिधाडांच्या काही जाती ९५ टक्क्यांहून अधिक घटल्या. कारण सापडले ते २००४ साली : डायक्लोफेनॅक. जनावरांच्या दुखण्यावर दिलेले हे औषध मृत ढोराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. भारताने २००६ साली जनावरांसाठी ते बंद केले; माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जाऊ लागल्या म्हणून २०१५ साली त्या बाटल्यांवरही बंदी आणली. माणसाचे शरीर गिधाडाइतके नाजूक नाही, हे खरे. तथापि जे द्रव्य आपण फुटाण्यासारखे तोंडात टाकतो ते केवढ्या ताकदीचे आहे, हे या घटनेवरून कळून यावे.

गोळीखेरीज आणि गोळीआधी

मग गुडघ्याने करायचे काय? ब्रिटनमधील ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने २०२२ साली अस्थिसंधिवाताच्या उपचाराचा क्रम स्पष्टपणे मांडला आहे. पहिले स्थान व्यायामाला व गरज असल्यास वजन घटविण्याला. औषधांत, गुडघ्यासाठी पहिले स्थान चोळण्याच्या दाहशामक मलमाला, कारण त्यातील औषधाचा फारच थोडा अंश रक्तात जातो. त्याने भागले नाही तरच पोटात घेण्याची दाहशामक गोळी. तीही कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस आणि जठररक्षक औषधासह. पॅरासिटामॉल सरसकट देऊ नये आणि अफूच्या जातीची जहाल औषधे देऊच नयेत, असेही तेथे म्हटले आहे. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो. आपण सुईपासून सुरुवात करतो आणि व्यायामाचे नाव शेवटी निघते.

व्यायाम म्हटले की आमच्या बाया हसतात. “दिवसभर वावरात राबतो, आनखी कायचा व्यायाम?” परंतु राबणे आणि व्यायाम यांत अंतर आहे. निंदणाने गुडघ्यावर भार पडतो. मांडीच्या पुढच्या स्नायूला हवी ती ताकद त्यातून मिळेलच असे नाही. बाजेवर बसून एक पाय सरळ करावा, दहा आकडे मोजेपर्यंत ताणून धरावा, सावकाश खाली आणावा. असे प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. याला पैसा लागत नाही. गुण येण्यास काही आठवडे लागतात, आणि तेवढा धीर धरणे हेच यातले अवघड काम. वजनाबाबत २००५ सालचा एक अमेरिकी अभ्यास सांगतो की, शरीराचे वजन एक किलोने घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो.

उकिडवे बसणे टाळणे सर्वांना शक्य नाही, पण काही प्रमाणात शक्य आहे. भांडी घासायला लाकडी पाट न घेता उंच स्टूल घ्यावे, चूल ओट्यावर घ्यावी, ओझ्याचे दोन फेरे करावेत. या गोष्टी घरातील तरुण मुलांनी मनावर घेतल्या तर होण्याजोग्या आहेत.

‘झाडपाल्याला बाध नाही’ असे म्हणणाऱ्यांसाठीही एक दाखला आहे. आपल्या रानातील सालईच्या झाडाचा डिंक आयुर्वेदात शल्लकी म्हणून प्रसिद्ध आहे. वर उल्लेखिलेल्या डॉ. चोप्रा यांनीच आयुर्वेदीय औषधे आधुनिक कसोटीवर तपासली. गुडघ्याच्या ४४० रुग्णांवरील हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. शल्लकी, सुंठ व गुळवेल असलेल्या औषधांचा गुण ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचा निघाला. परंतु काही रुग्णांच्या रक्ततपासणीत यकृताशी संबंधित एक घटक वाढलेला दिसला. म्हणजे आपल्या परंपरेत औषध आहे, आणि त्यालाही तपासणी व प्रमाण लागते.

दुखणे फारच बळावले, रात्रीची झोप उडाली, चालणे अशक्य झाले, तर गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया हा मार्ग असतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती ठरवून दिल्या, त्यामुळे हा खर्च काहीसा आवाक्यात आला. प्राथमिक तपासणीसाठी घाटंजीचे ग्रामीण रुग्णालय आहे. पुढच्या तपासणीसाठी यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि १९६९ पासून चाललेले सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय आपल्याला फार दूर नाही.

समारोप

या सर्व विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. गुडघेदुखीची गोळी ही पाप नाही आणि अमृतही नाही. जिची रोजी दिवसाच्या वेचणीवर अवलंबून आहे, तिला ‘गोळी घेऊ नको’ असे सांगणे म्हणजे तिच्या कष्टाची थट्टा होय. परंतु कोणती गोळी, किती, किती दिवस आणि कशासोबत, हे तिला न सांगणे हा तिच्यावर अन्याय आहे. आज हा अन्याय होतो तो मुख्यतः भाषेमुळे. गोळी गिळणाऱ्या बाईला पाकीट वाचता येत नाही आणि ज्या नातवंडाला ते वाचता येते त्याने ते कधी उलटून पाहिलेले नसते.

आपण कला शाखेचे विद्यार्थी शब्दांचे अर्थ लावायला शिकतो. त्या विद्येचा हा एक उपयोग आहे. विद्यार्थी मित्रमैत्रिणींनी आपापल्या घरी कोनाड्यातील पाकिटे खाली काढावीत. मोठ्या अक्षरातील नाव सोडून त्याखालील बारीक अक्षरांतील मूळ औषधाचे नाव व मिलिग्रॅम एका वहीत मराठीत उतरून घ्यावे. एकच नाव दोनदा आले आहे का, दोन दाहशामके एकत्र चालली आहेत का, बीपी, साखर किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला ती चालू आहेत का, मुदत संपली आहे का, हे पाहावे. स्वतः डॉक्टर होऊन कोणतेही औषध बंद करू नये. ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. शौचास डांबरासारखे काळे होणे, उलटीत रक्त, लघवी कमी होणे, पायांवर नवी सूज, छातीत दुखणे यांपैकी काही दिसले तर मात्र त्या गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आपल्या प्राध्यापकांनी व राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने पुढील शिबिरात रस्त्याच्या कामाबरोबर हेही एक काम हाती घ्यावे, अशी माझी नम्र सूचना आहे. गावात फिरावे, पाकिटे वाचून दाखवावीत, वह्या करून द्याव्यात. ज्या हातांनी वेचलेल्या कापसावर आपल्यापैकी अनेकांची फी भरली गेली, त्या हातांत निदान नाव माहीत असलेली गोळी पडावी, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.